खुणेच्या जागेची पहार

मित्रांनो, सायकल दुरुस्तीच्या दुकानात दारामागे झाडूशेजारी जी काळी, उंच, अबोल वस्तू उभी असते ना, ती मी. मी एक जुनी पहार आहे. लपाछपी खेळताना तुमच्यातला एक जण रोज माझ्यामागे लपायला येतो. मी जेमतेम तुमच्या मनगटाएवढी जाड! तो लगेच सापडतो आणि मलाच दोष देतो. असो. माझे एक टोक अणकुचीदार आहे, दुसरे चपटे. अणकुचीदार टोकाने खणतात आणि चपट्या टोकाने दगड उचकटतात. तुम्ही नीट पाहिलेत तर कळेल की माझे अणकुचीदार टोक आता बोथट झाले आहे. ते कसे झाले, हेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका मोडक्या गाडीच्या दोन चाकांना जोडणारा दांडा होते. लोहाराने मला तापवले, ठोकले, सरळ केले. मग लालभडक झालेले माझे टोक त्याने पाण्यात बुडवले. चर्र झाले! लोखंडाला असे पाणी दिले की त्याच्या अंगी कणखरपणा येतो. मला विकत घ्यायला आलेल्या माणसाला लोहार म्हणाला, "हिनं नुसतं खणू नका. हिचं ऐकतही जा. जशी जमीन, तसा हिचा आवाज."

तो माणूस म्हणजे हे दुकान ज्यांचे आहे, त्या घरातल्या तात्यांचे वडील. लोहाराचे बोलणे त्यांनी मनावर घेतले. तेव्हापासून या घरात एक रीत पडली. जमिनीवर काही नवे करायचे असले की घरातला कर्ता पुरुष मला दोन्ही हातांनी वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. सगळे घर कान देऊन उभे राहायचे. मी "ठण्ण" वाजले की जमीन पक्की. "धप्प" वाजले की पोकळ. आणि काहीच न वाजता मी भसकन आत गेले, तर जमीन ओली, तिच्या वाटेला जायचे नाही. या रीतीला घरात "पहारीला विचारणे" म्हणत.

घरची जमीन तीन पायऱ्यांची होती. सगळ्यांत वर खडकाळ माळ. मधे काळ्या मातीचे वावर, ज्यातले धान्य वर्षभर पुरे. आणि सगळ्यांत खाली, रस्त्याला लागून, कुरण. पावसाळ्यात माळावरचे आणि वावरातले पाणी या कुरणात येऊन थांबे आणि सावकाश जमिनीत मुरे. कडेची विहीर त्यावरच भरे. नंतर तिथे गुडघाभर गवत येई. घरातल्या गाईंना तेवढे गवत पुरून उरत असे.

तात्यांच्या वडिलांना एकदा वाटले, एवढी सपाट जागा नुसत्या गवताला का सोडायची? नांगर घालू, पीक घेऊ. त्यांनी कुरणाच्या कडेला, निवडुंगाशेजारी, मला विचारले. मी भसकन आत गेले. मला बाहेर काढताना त्यांच्या तोंडाला फेस आला. ते हसून म्हणाले, "एवढं स्पष्ट उत्तर तर बायकोसुद्धा देत नाही!" कुरण वाचले. जाताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. माझ्यामुळे पडलेल्या खड्ड्यात एखाद्या वासराचा पाय अडकू नये म्हणून माळावरून दोन दगड आणून तो बुजवला.

मित्रांनो, हे दगड लक्षात ठेवा.

काही वर्षे गेली. पुन्हा कुणाला तरी वाटले, कुरणात झाडे लावावीत. पुन्हा मला विचारायचे ठरले. कुठे? तर वडिलांनी विचारले होते तिथेच. निवडुंगाशेजारची ती जागा आता "खुणेची जागा" झाली होती. मी आत गेले, पण आधीपेक्षा कमी. खड्डा पुन्हा दगडांनी बुजवला. आणखी काही वर्षांनी पुन्हा तेच. मग तात्या कर्ते झाले. तरुणपणी त्यांनीही एकदा मला विचारले. नंतर खड्डा भरायला आईचे फुटलेले जाते आणले, त्याच्या खालच्या दगडाची, म्हणजे तळीची, अर्धी फाक आत टाकली आणि वरून पायाने दाबली. पुढच्या खेपेला मी "धप्प" वाजले. त्याच्या पुढच्या खेपेला "ठक्क", म्हणजे जवळजवळ पक्की. घरात कौतुकाने बोलले जाऊ लागले, "कुरण दर खेपेला घट्ट होत चाललंय बरं का!"

कुरण होते तसेच होते. घट्ट होत होता फक्त तो एक खड्डा.

हे मला ठाऊक होते. माझे टोक दर वेळी कशावर आपटते ते मला नाही कळणार तर कुणाला? पण मित्रांनो, पहारीला आवाज असतो, शब्द नसतात. त्या आवाजाचा अर्थ माणसांनी लावायचा असतो.

ते माझे मानाचे दिवस होते. शेजारीपाजारी मला मागून नेत आणि परत करताना पुसून देत. पुढे खणायची यंत्रे आली आणि माझा मान गेला. कुणीतरी मला उचलून गोठ्याच्या फाटकाला अडसर म्हणून आडवे लावले. अंगावर गंज चढला. वासरे मला अंग घासू लागली. रोज सकाळी मला हात लागे तो फक्त आत्याचा. आत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण. नवऱ्याच्या मागे ती माहेरीच राहत होती आणि गोठा सांभाळत होती. मला सरकवताना ती म्हणायची, "हो बाई बाजूला, माझ्यासारखीच तूही दारात अडकलीस."

अशात एके संध्याकाळी अंगणात मोठा वाद पेटला. गोठा अंगणाला लागूनच असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

घर माणसांना पुरेनासे झाले होते. तात्यांना दोन मुलगे. थोरला शेती पाहायचा. धाकटा सायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याचे लग्न होऊन वर्ष होत आले होते आणि तो व त्याची बायको धान्याच्या खोलीत झोपत होते.

"किती दिवस पोत्यांच्या शेजारी अंथरूण घालायचं?" धाकट्याची बायको, म्हणजे घरातली धाकटी, म्हणाली. "झोपेत कूस बदलली की पोतं म्हणतं, जरा सरकून घे."

"मग बांधा की घर," थोरला म्हणाला. "कोण नको म्हणतंय? फक्त मधल्या वावराला हात लावायचा नाही. ते सगळ्यांचं पोट आहे."

"मग काय माळावर बांधू?" धाकट्याने विचारले. "तिथं खडक फोडता फोडता मीच फुटेन. आणि दुकान कुठं टाकू? पंक्चर झालेली सायकल खांद्यावर घेऊन गिऱ्हाईक माळ चढणार आहे?"

"कुरणात बांधा. रस्त्याला लागून आहे. मुरमाची भर घातली की झालं."

"कुरणात नको," गोठ्याच्या दारातून आत्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले. आत्या अशा बोलण्यात सहसा पडत नसे.

"तिथं लव्हाळा उगवतो," ती म्हणाली. "लव्हाळ्याच्या मुळाशी कायम ओल असते. वरून उन्हानं तडे गेलेले दिसतात, पण विळा खोल लागला की पातं ओलं होऊन बाहेर येतं. आणि तिथं भर घातली तर पाणी थांबायचं कुठं? विहीर कशावर भरायची?"

"आत्या, खरं सांग," धाकटा म्हणाला, "तुला काळजी आमच्या घराची आहे की तुझ्या गाईंच्या चाऱ्याची?"

"दोन्हीची," आत्या म्हणाली. "चाऱ्याची नाही म्हटलं तर खोटं होईल."

ती खरे बोलली आणि त्या खरेपणाचाच तिला तोटा झाला. "बघा, आलं ना ओठांवर!" असे म्हणून थोरला हसला. मग पुढे तिचे कुणी ऐकेना.

मित्रांनो, त्या अंगणात प्रत्येकाला काहीतरी हवे होते. थोरल्याला वावर राखायचे होते. धाकट्याला रस्ता हवा होता. धाकटीला दार लावून घेता येईल अशी एक खोली हवी होती. आत्याला गवत हवे होते. आणि तात्यांना दोन्ही मुलगे हाकेच्या अंतरावर हवे होते. यातले काहीच वाईट नव्हते. पण कुरणाला काय हवे, हे बोलणारे तिथे कोण होते? अंगणात माणसे बसतात आणि तिथे जमिनीचे भविष्य ठरते. जमिनीला त्याचा पत्ताही नसतो.

शेवटी तात्या म्हणाले, "भांडू नका. उद्या पहारीला विचारू. ती म्हणेल ते सगळ्यांनी ऐकायचं. बहिणाबाई, तूही."

"ऐकेन," आत्या म्हणाली. "मी तरी कुठं तिच्याबाहेर आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फाटकावरून काढले, गंज खरवडला, तेलाचा हात फिरवला. इतक्या वर्षांनी मान मिळत होता, पण मला त्याचा आनंद होईना. माझ्या टोकाखाली काय आहे ते मला माहीत होते. मला वाटत होते, आज तरी कुणी चार पावले इकडेतिकडे जावे. आज तरी कुणाचा पाय निवडुंगापासून लांब पडावा.

तात्या काठी टेकत थेट निवडुंगाशी गेले. "हीच खुणेची जागा," ते म्हणाले. "माझे वडील इथंच उभे राहायचे."

तात्यांच्या हातांत आता बळ नव्हते. थोरल्याने मला उचलले. धाकट्याने श्वास रोखला. धाकटीने पदर मुठीत धरला. थोरल्याने मला सोडले.

ठण्ण!

असा आवाज माळावरच्या खडकावरसुद्धा येत नाही. रस्त्याने जाणारा माणूस थांबून पाहू लागला. थोरल्याने मला पुन्हा उचलून सोडले. पुन्हा ठण्ण! धाकट्याने बायकोकडे पाहिले आणि दोघे हसली. तात्या म्हणाले, "झालं! यापुढं शब्द नको."

फक्त आत्या माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलीच नजर आपल्याला फसवते आहे की काय, अशी शंका होती. लहानपणापासून तिने हाच आवाज ऐकला होता, यावरच विश्वास ठेवला होता. "पहार म्हणते म्हणजे माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली आणि विळा घेऊन निघून गेली.

मित्रांनो, आपली साक्ष काढून लोक चुकीच्या वाटेने निघालेले पाहणे फार कठीण असते.

कामाला सुरुवात झाली. ट्रॉल्या भरभरून मुरूम आला आणि कुरणाच्या एका बाजूला त्याचे ढीग पडले. लव्हाळा त्याखाली दबला. पाया आखायला गवंडी आला. तो बोलघेवडा होता. त्याने दोऱ्या बांधल्या, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि डोके खाजवत म्हणाला, "तात्या, अजून दोन-तीन ठिकाणी खणून बघायचं का?"

"काही गरज नाही," तात्या म्हणाले. "आमच्या घरची रीत आहे. पहारीनं सांगितलंय."

"तुमचं घर, तुमची पहार," गवंडी म्हणाला. "माझी बायको मला म्हणते, 'तुमचा ओळंबाच तेवढा सरळ, बाकी सगळं वाकडं.' मी कोण सांगणार?"

पहिला खड्डा खुणेच्या जागेवरच धरला होता. दोघे भाऊ मला घेऊन खणायला लागले. थोड्याच वेळात दगड लागले. एक, दुसरा, तिसरा. धाकटा आनंदाने ओरडला, "तात्या, दगड! खाली खडक आहे!"

"सुटे दगड आहेत," गवंडी म्हणाला.

"वर सुटे असले की खाली खडक असतोच," धाकटा म्हणाला. माळावर तसेच असते, म्हणून त्याला ते पटले होते. निघालेले दगड त्याने कडेला रचून ठेवले आणि मला खांद्यावर टाकून तो समोरच्या कोपऱ्याकडे वळला. तो कोपरा कुरणाच्या मधोमध येत होता. मुरमाचा सर्वांत मोठा ढीग त्याच्या अगदी काठावर होता.

तिथे पहिल्या घावालाच मी भसकन आत गेले.

मला वाटले, आता कळेल. आता तरी कळेल! पण धाकटा म्हणाला, "वरची माती मऊ आहे. खडक खाली असेल." आणि तो खणू लागला. कमरेइतके झाले. माती काळी, चिकट, थंड होत गेली. खड्ड्याच्या भिंतींना घाम फुटावा तसे पाणी झिरपू लागले. मी जितकी सहज आत जाई, तितका तो अधिक खोल जाई. निवडुंगाशेजारच्या त्या खोट्या खडकाने त्याला खाली खाली बोलावून घेतले होते. खड्डा छातीइतका झाला. माझा प्रत्येक घाव आता आवाजाशिवाय पडत होता. मित्रांनो, एवढे स्पष्ट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"बास कर आता, चहा घे," काठावरून धाकटी म्हणाली.

"एवढा खडक लागू दे, मग घेतो."

"खडक काय पळून जातोय?"

मला हे नंतर कळले, पण त्याच वेळी पहिल्या खड्ड्यापाशी तात्या दगडांच्या ढिगाजवळ बसले होते. काठीने ते एकेक दगड उलटून पाहत होते. एका चपट्या, गोल दगडाशी त्यांची काठी थांबली. तो अर्धाच होता. त्याच्या तोंडावर टाकीने पाडलेल्या बारीक खाचा होत्या आणि मधे खुंट्यासाठी अर्धे भोक होते.

खड्ड्यातून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांची हाक ऐकू आली. या घरात इतक्या वर्षांत मी तात्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"वर ये! धाकट्या, वर ये आधी!"

"आलो, आलो," धाकटा म्हणाला. म्हातारा माणूस, उगाच घाई करतोय, असे त्याला वाटले. त्याने मला पुन्हा उचलले.

"अरे, ते जातं आहे! आईचं जातं! दगड आपलेच आहेत, खाली काही नाही! वर ये!"

धाकट्याने मान वर केली. काय ऐकले ते त्याला समजायच्या आतच काठावरचा मुरूम सरकला. त्या ढिगाच्या भाराने खड्ड्याची एक बाजू आतल्या आत फुगली आणि मऊ लोण्यासारखी खाली आली. धाकटा मांड्यांपर्यंत गाडला गेला. त्याने पाय उपसायचा प्रयत्न केला, तसा तो आणखी रुतला. वरून मुरूम खडखडत येतच होता.

धाकटी किंचाळली. थोरला धावत आला आणि काठावर झेपावणार, तोच गवंडी ओरडला, "काठावर जोर देऊ नका! उरलेली बाजूही येईल! फळ्या टाका, फळ्या!"

दोन्ही काठांवर फळ्या पडल्या. थोरला त्यांवर पालथा झोपला. "पहार दे!" तो धाकट्याला म्हणाला. धाकट्याने मला वर ढकलले. थोरल्याने मला खड्ड्यावर आडवे, दोन्ही फळ्यांवर टेकवून ठेवले. "हिला दोन्ही काखांत धर. सोडू नको. काही झालं तरी सोडू नको."

धाकट्याचा सगळा भार माझ्यावर आला. त्याचे काळीज माझ्या अंगावर धडधडत होते. मी गाडीचा दांडा असताना पोत्यांचे ओझे वाहिले होते, पण इतके जड ओझे कधीच वाहिले नव्हते. मित्रांनो, लोखंडाला घाबरता येत नाही असे म्हणतात. तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका.

गवंडी फावड्याने काठावरचा मुरूम मागे ओढू लागला. थोरल्याने भावाचे दंड धरले आणि जोर लावला. धाकटा कळवळला. तो तसूभरही वर आला नाही.

"ओढू नका!" कुरणातून आत्या धावत येत होती. तिच्या हातात गाईंना पाणी पाजायची बादली होती. "गाय रुतली की ओढतात का कधी? पाय मोडतो तिचा! चिखलानं पाय धरून ठेवलाय, त्याला आधी सुटायला वाट द्या." ती फळीवर पालथी झाली आणि धाकट्याच्या मांडीलगत हळूहळू पाणी सोडू लागली. "पाय उपसू नको. नुसता हलव. मागंपुढं. पाणी खाली जाऊ दे. एकच पाय. दुसऱ्याचा विचारसुद्धा करू नको."

"आत्या, निघेल ना?"

"गाय निघते, तू का नाही निघणार? फक्त तिच्यासारखी लाथ मारू नको."

रडता रडता धाकटी हसली आणि विहिरीकडे धावली. एक बादली, मग दुसरी, मग आणखी. चिखल पातळ झाला. "पचक" असा आवाज आला आणि एक पाय मोकळा झाला. मग दुसरा. थोरल्याने आणि गवंड्याने त्याला बाहेर ओढले, तो फळीवर पडला आणि त्याच क्षणी खड्ड्याची उरलेली बाजूही खाली बसली. धाकटा होता तिथे काळे पाणी वर येऊ लागले.

धाकटीने नवऱ्याचे चिखलाने भरलेले डोके मांडीवर घेतले होते. थोरला मूठभर गवताने भावाच्या पायांवरचा चिखल पुसत होता.

काठी तिथेच टाकून तात्या अडखळत आले. जात्याची ती अर्धी तळी त्यांनी छातीशी धरून आणली होती. ती खाली ठेवून ते म्हणाले, "ही मीच टाकली होती. वासरांचा पाय अडकू नये म्हणून. माझ्या वडिलांनी टाकले, मी टाकले. आपण जमिनीला विचारत होतो आणि उत्तर देत होते आपणच टाकलेले दगड."

"माझंही चुकलं, दादा," आत्या म्हणाली. "रोज विळ्याला ओल लागत होती. तरी मी म्हटलं, पहार कशी चुकेल?"

"पहार नाही चुकली," धाकटी म्हणाली. तिने नवऱ्याच्या कपाळावरचा चिखल पुसला. "ती दगडावर पडली, दगडासारखी वाजली. इथं चिखलात पडली तर गप्प बसली. आपणच तिला दर वेळी एकाच ठिकाणी विचारलं."

मित्रांनो, त्या क्षणी माझे मन हलके झाले. इतक्या वर्षांत माझे बोलणे पहिल्यांदाच कुणाला तरी नीट ऐकू आले होते.

पण घराचा प्रश्न होताच. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा अंगणात बसले. आज आत्याही गोठ्याच्या दारात न राहता सतरंजीवर येऊन बसली.

"मला माळावर चालेल," धाकटी म्हणाली. "खडक तर खडक. पण घरापर्यंत गाडीवाट हवी, आणि यांच्या दुकानाला रस्त्याची जागा हवी."

गाडीवाट जाणार ती मधल्या वावरातूनच. रस्त्याला लागलेला वावराचा एकच कोपरा होता, तो सगळ्यांत कसदार. सगळे थोरल्याकडे पाहू लागले. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

"कडेनं वाट काढा," शेवटी तो म्हणाला. "मधून नाही. आणि दुकान त्या कोपऱ्यात. लहान ठेवा, हां! दुकानात उद्या हत्ती बांधायचा म्हणालात तर चालणार नाही."

"हत्तीची सायकल आली तर?" धाकटा म्हणाला.

"तर तिला माळावर पाठव."

खरे सांगायचे तर थोरल्याला ते मनापासून आवडले नाही. पुढे कितीतरी दिवस तो त्या वाटेवरून जाताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत असे. पण आदल्या दिवशी त्याने भावाचे दंड धरले होते आणि सोडले नव्हते. त्यापुढे त्याला जमिनीची एक पट्टी सोडणे जमले.

कुरणात टाकलेला मुरूम उचलून वाटेवर पसरला. विहिरीकाठचे कुरण पुन्हा मोकळे झाले. माळावर खणायला मात्र मीच लागले. तिथला खडक असा होता की माझ्या टोकातून ठिणग्या उडत. दोघे भाऊ पाळीपाळीने मला चालवत. पाया पुरा झाला तेव्हा माझे टोक बोथट झाले होते. लोहाराकडे नेऊन ते पुन्हा काढायचे ठरले होते, पण धाकटी म्हणाली, "राहू द्या तसंच. घर कशावर उभं आहे ते लक्षात राहील."

पुढच्या पावसाळ्यात कुरण पाण्याने भरले. जिथे घराचा उंबरा येणार होता, तिथे दोन बगळे एका पायावर उभे होते. माळावरच्या घराच्या खिडकीतून धाकटा कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत होता. मग तो बायकोला म्हणाला, "बघ, आपल्या घरात भाडेकरू आले." दोघांपैकी कुणी हसले नाही.

घरातली रीत मोडली नाही, पण बदलली. आता मला एका जागी विचारत नाहीत. घरातला प्रत्येक जण आपल्याला वाटेल ती जागा दाखवतो, आणि तिथे तिथे मला सोडतात. उन्हाळ्यातही विचारतात आणि पाणी ओसरल्यावरही. खड्डा बुजवायचा तो जिथली माती तिथेच टाकून. आणि पहिली जागा दाखवायचा मान आत्याचा. मागच्या वर्षी ती फार थकली होती. तरी दोघांचे हात धरून ती कुरणात आली. लव्हाळ्याच्या एका गड्ड्याशी थांबली आणि म्हणाली, "इथं." धाकट्याने मला सोडले. मी आवाज न करता खोल खोल गेले. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बरोबर आहे गं बाई."

माझ्या आयुष्यातले तेच सर्वांत मोठे कौतुक.

आता मी या दुकानाच्या दारामागे असते. तुम्ही हवा भरायला येता तेव्हा तुमचे बोलणे ऐकते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वर्षातून एकदा माझ्या अंगाला तेलाचा हात लावा, म्हणजे गंज मला खाणार नाही. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही अंगणात जमिनीचे काही ठरेल. तेव्हा ज्यांचे पाय रोज त्या जमिनीवर पडतात, त्यांना सतरंजीवर बसायला बोलवा. मलाही जरूर विचारा. फक्त खुणेच्या जागेवर नको. चार पावले पुढे या, आणि मग मला सोडा.

जात्याची ती अर्धी तळी आता या दुकानाची पायरी आहे. आत येताना त्या खाचांवर तुमचा पाय पडतो. जरा जपून पाय ठेवा.